विज्ञान महोत्सवाला गर्दी होते, पण कोणाची?

गवती_चहा

नमस्कार मंडळी.

२८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, आला की पुण्यातल्या संशोधन संस्था लोकांसाठी दारं उघडतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि बातमीच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं: इतक्या हजार नागरिकांनी भेट दिली. आकडा खोटा नसतो. मी अशा दिवशी स्वयंसेवक म्हणून उभी असते, त्यामुळे रांगा किती लांब जातात ते ठाऊक आहे. पण माणसं मोजतात फक्त. आली ती कोण, कुठून, आणि कोण आलंच नाही, हे विचारायची पद्धत नाही.

माझ्या टेबलावर बहुतेक वेळा पुठ्ठ्याच्या खोक्याचा वर्णपटदर्शक असतो. एका बाजूला बारीक फट, आत सीडीचा तुकडा. साध्या बल्बकडे धरला की सलग रंग दिसतात, ट्यूबकडे धरला की तुटक पट्टे. मुलं हरखतात. मागे उभे असलेले पालक विचारतात, "हे ऑलिंपियाडला येतं का?", "होमी भाभा परीक्षेच्या प्रॅक्टिकलला चालेल का?" वाईट काही नाही त्यात. पण दिवसभर हेच दोन प्रश्न ऐकले की लक्षात येतं, आपल्याकडे आलेत ते आधीच आपल्या बाजूचे लोक. घरी पुस्तकं आहेत, आईवडिलांपैकी एक तरी इंजिनिअर आहे, मुलगा कुठल्या तरी क्लासला आहे. ज्या गाड्यांतून ही मुलं येतात त्यांचे ड्रायव्हर पार्किंगमध्ये मोबाईल बघत बसलेले असतात. त्यांना गेटवर कोणी अडवलेलं नसतं. आत या असंही कोणी म्हटलेलं नसतं.

आता दुसरं टोक. नारायणगावहून आत खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि बाकीच्या तीन हातांवर पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली ती रेडिओ गोंगाट कमी आणि भोवती डोंगरांचा आडोसा म्हणून. त्यामुळे खुद्द वेधशाळा शहरापासून लांब, आणि विज्ञान दिनाला तिथे जे लोक येतात ते जुन्नर, आंबेगाव, खेडकडचे. फेटेवाले आजोबा, काखेत पोर घेतलेल्या बाया, शाळांच्या रांगा. हे पुण्यात का दिसत नाही?

मला वाटतं याचं मुख्य कारण अँटेना नाहीत. खोडदला शाळांची पोरं प्रेक्षक म्हणून येत नाहीत, स्वतःचे प्रयोग घेऊन येतात. ज्याचं पोर टेबलामागे उभं आहे त्याची आजीसुद्धा बघायला येते. पुण्यात आम्ही सगळं तयार करून ठेवतो आणि लोकांना 'बघून जा' म्हणतो.

तुमचे अनुभव लिहा. गावाकडचे, मुंबईचे, बाहेरचेही.

तिरपागडा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

गवती चहा, एक भाबडा प्रश्न. सवाई गंधर्वला कोण येतं याची कोणी चौकशी करतं का? ज्याला आवड आहे तो येतो, नाही तो येत नाही. विज्ञानाचंच एवढं काय मोठं की सगळ्यांनी यायलाच हवं? ड्रायव्हरला दोन तास मोबाईल बघायचा असेल तर बघू दे की. तोही माणूसच आहे, त्यालाही सुट्टी नको का?

गवती_चहा

तिरपागडा, सवाईवाले 'समाजाच्या सर्व थरांसाठी' असं पत्रिकेवर छापत नाहीत आणि तंबूचा खर्च करदात्याच्या पैशातून करत नाहीत. इथे दोन्ही होतं. शिवाय वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणवणं हे १९७६ पासून घटनेत नागरिकांचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, कलम ५१ क. गायन ऐकणं अजून तरी नाही. :)

ड्रायव्हरचं म्हणाल तर त्याला विचारून नाही म्हणू दे. मग माझी हरकत नाही.

बाईंचा_तास

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, खोडदच्याच बाजूला. धागा वाचून राहवलं नाही.

खोडदला पोरं प्रयोग घेऊन येतात हे खरं. पण कुठल्या शाळेची पोरं, तेही बघा. ज्या शाळेत विज्ञानाला वेगळा शिक्षक आहे, ज्याच्याकडे दुचाकी आहे आणि जो स्वतःच्या खिशातून थर्माकोल, पाइप, मोटर आणतो, ती शाळा येते. आमच्यासारख्या दोनशिक्षकी शाळेत एकीने चार वर्ग सांभाळायचे आणि दुसरीने ऑनलाइन माहिती भरायची. सहल काढायची तर पालकांची संमतीपत्रं, वरून परवानगी, एसटीचं आरक्षण. शालेय सहलीला एसटी सवलत देते म्हणून जमतं तरी. ते सगळं करून पोरं नेली की पोरं काय बोलतात ते ऐकायला तुम्ही या एकदा. आमच्या चौथीतल्या एका पोरीने अँटेनाकडे बघून विचारलं, "बाई, याला भोकं आहेत, मग पाऊस साठत नाही ना?" तिथल्या माणसाने तिला खाली बसून समजावलं, की ही जाळी मुद्दाम विरळ ठेवली आहे, वारा आरपार जातो म्हणून एवढी मोठी ताटली हलकी बांधता आली, आणि ज्या लहरी पकडायच्या त्या लांब असल्यामुळे त्यांना ही भोकं जाणवतच नाहीत. तिने घरी जाऊन चाळण घेऊन आईला हेच सांगितलं. ते मी दुसऱ्या दिवशी आईकडून ऐकलं.

आता तारखेचं. २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध जाहीर झाला, १९२८ साली, मान्य. १९८७ पासून आपण तो दिवस पाळतो, तेही मान्य. पण फेब्रुवारी संपताना महाराष्ट्रात काय चाललेलं असतं? २०२५ मध्ये बारावी ११ फेब्रुवारीला आणि दहावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे मोठी पोरं परीक्षेत, माध्यमिकचे निम्मे शिक्षक पर्यवेक्षणावर, ज्या शाळेत केंद्र आहे तिथले बाकीचे वर्ग कधी सकाळी, कधी सुट्टीवर. विज्ञानाचा सण नेमका अशा दिवशी की ज्यांना पुढे विज्ञान घ्यायचं की नाही हे ठरवायचं आहे तीच पोरं येऊ शकत नाहीत.

आणि सर्वात टोचणारी गोष्ट शेवटी लिहिते. फेब्रुवारीत आमच्याकडे ऊसतोड चालू असते. बीड, नगरकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, आलेले असतात. त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, रस्त्याला लागून. अँटेना त्या पोरांना उठता-बसता दिसतात. पण ती पोरं आमच्या पटावर नाहीत, त्यांच्या गावच्या पटावर आहेत, आणि तिथेही गैरहजर. त्यामुळे शाळेमार्फत जी पत्रकं येतात ती त्यांच्यापर्यंत पोचणारच नाहीत. अंतर म्हणाल तर चालत जाण्याएवढं.

तिरपागडा

बाई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर माझ्याकडे विनोद नाही. वाचतोय.

ध्रुव७९

मी हौशी खगोलवाला. आमच्या मंडळात एक अलिखित नियम आहे: आकाशदर्शन म्हणजे शहराबाहेर, अंधारात, रात्रभर, स्वतःच्या गाडीने. म्हणजे बायका निम्म्या कमी, ज्यांच्याकडे गाडी नाही ते सगळे कमी, आणि ज्यांना सकाळी सहाला कामाची पाळी आहे तेही कमी. मग आम्हीच म्हणायचं, लोकांना आवड राहिली नाही हो.

अलीकडे आम्ही काही जण दुर्बीण घेऊन एसटी स्टँडच्या बाहेर उभे राहतो. चंद्र आठ-नऊ दिवसांचा असावा, म्हणजे प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरं छान उठून दिसतात. शहरात कितीही दिवे असोत, चंद्र, गुरू, शनी दिसतातच. पहिला प्रश्न कायम एकच: "किती रुपये?" फुकट म्हटलं की संशयाने बघतात, काही विकायला आलेत की काय. एकदा बघितलं की मागे जाऊन पुन्हा रांगेत उभे राहतात, आणि या वेळी सोबत कोणाला तरी ओढून आणतात. भेळवाला, हमाल, कॉलेजची मुलं, कंडक्टर, गाडी चुकलेली आजी. स्टँडवर जेवढ्या प्रकारची माणसं भेटतात तेवढी मला कुठल्याही सभागृहात भेटलेली नाहीत, आणि तिथे कोणालाही आमंत्रण लागत नाही कारण ती आधीच तिथे असतात.

बाईंचा_तास

ध्रुव, कल्पना झकास, पण आमच्या तालुक्यात रात्रीचं काही ठेवू नका. बिबट्या. सातनंतर पोरं घराबाहेर सोडत नाही कोणी, आणि बरोबर करतात.

ध्रुव७९

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दिवसा सूर्य दाखवता येईल, सूर्यासाठीची गाळणी (फिल्टर) लावून. डाग असले तर उत्तम.

धुक्यातला

गेली बरीच वर्षं एडिंबरामध्ये राहतो. इथला विज्ञान महोत्सव १९८९ पासून चालू आहे, एप्रिलमध्ये, शाळांना ईस्टरची सुट्टी असते तेव्हा. म्हणजे तारखेचा विचार त्यांनी बरा केला आहे. पण मुख्य कार्यक्रमांना तिकीट. दोन मुलं, दोन मोठी माणसं, वर खाणंपिणं, असं धरलं तर बसचालकाच्या घराला तो दिवस महाग जातो.

या लोकांची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी. ते स्वतःला तपासतात, आणि निकाल गैरसोयीचा आला तरी छापतात. ब्रिटनमधल्या महोत्सवांवर एरिक जेन्सेन आणि सहकाऱ्यांनी काम केलं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की येणाऱ्यांत पदवीधर, सुस्थितीतले आणि आधीपासूनच विज्ञानात रस असलेले लोक प्रमाणाबाहेर जास्त. आयोजकांची इच्छा उलटी असूनही. गवती चहांनी पार्किंगमध्ये जे पाहिलं तेच.

दुसरं काम एमिली डॉसन यांचं. लंडनमधल्या सोमाली, सिएरा लिओनी, लॅटिन अमेरिकी, आशियाई अशा कमी उत्पन्नाच्या गटांसोबत त्या विज्ञान संग्रहालयांत फिरल्या. लोकांचं म्हणणं साधं होतं: ही जागा आमच्यासाठी बांधलेलीच नाही. तिकीट फुकट असूनही. फलकांची भाषा, उपाहारगृहातलं खाणं, कर्मचाऱ्यांची नजर, आपल्यासारखं दुसरं कोणी न दिसणं, यातून माणसाला ते कळतं आणि मग तो परत येत नाही.

त्यामुळे 'प्रवेश विनामूल्य' असं लिहिलं म्हणजे झालं, या समजुतीतून आपल्याकडेही बाहेर यायला हवं. एडिंबरावाले शाळांत फिरता कार्यक्रम घेऊन जातात, 'जनरेशन सायन्स' नावाने, स्कॉटलंडभर प्राथमिक शाळांत. तिथे आलेलं मूल निवडून आलेलं नसतं, वर्गात बसलेलं प्रत्येक मूल असतं. माझ्या मते महोत्सवाच्या तंबूपेक्षा तो भाग जास्त पोचतो, फक्त त्याचे फोटो तेवढे छान येत नाहीत.

चुनाभट्टी_लोकल

धुक्यातला, फिरत्या कार्यक्रमासाठी स्कॉटलंडला जायची गरज नाही हो. आपल्याकडे हे सगळं होऊन गेलं आहे आणि आपण विसरलो आहोत. जरा लांबण लावतो, म्हाताऱ्याला माफ करा.

कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने १९६५ मध्येच बसमध्ये प्रदर्शन भरून गावोगाव पाठवायला सुरुवात केली. तशा फिरत्या बस आज राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या केंद्रांकडे आहेत, आपल्या वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राकडेही. शाळेच्या पटांगणात बस लागते, बाजूची झडप उघडली की वीसेक मांडण्या. २००७ मध्ये सायन्स एक्सप्रेस निघाली, १६ डब्यांची रेल्वेगाडी. मनमोहन सिंग आणि जर्मनीच्या अंगेला मर्केल यांनी दिल्लीत हिरवा झेंडा दाखवला होता. दहा वर्षं ती देशभर फिरली, स्टेशनात काही दिवस मुक्काम, मग पुढे. फलाटावर लोकांच्या रांगा लागायच्या. रेल्वे स्टेशनाची कोणाला भीती वाटत नाही, हे त्यातलं मर्म. संशोधन संस्थेच्या फाटकाची वाटते.

आणि १९८७ चा भारत जन विज्ञान जत्था. २ ऑक्टोबरला देशाच्या पाच भागांतून पाच जत्थे निघाले आणि ७ नोव्हेंबरला, रामन यांच्या जन्मदिवशी, भोपाळला पोचले. भोपाळ का, हे सांगायला नको, वायुकांडाला तीनच वर्षं झाली होती. गाणी, पथनाट्यं, पोस्टर. आपल्याकडे लोकविज्ञान संघटनेची मंडळी यात होती. ते 'ताऱ्यांचा जन्म कसा होतो' एवढंच सांगत नव्हते. पाणी, औषधं, धूर, खतं, कारखान्याच्या शेजारी कोण राहतं, हे विचारत होते. आजच्या महोत्सवांत तेवढं सोडून बाकी सगळं असतं. रॉकेटची प्रतिकृती, सेल्फी पॉइंट, होलोग्राम. ज्याच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो तो होलोग्राम बघायला कशाला येईल?

मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून काम करते आहे, चुनाभट्टीला जाऊन बघा. पण वय बघा सभासदांचं. माझ्यासारखे सगळे. म्हणजे आम्हीही आमच्यातच बोलत राहिलो असं म्हणायला जागा आहे.

वाफसा

शेतकरी माणूस, दोन ओळी लिहिणार होतो, बघू किती होतात.

तुम्ही सगळे विज्ञान महोत्सव म्हणताय त्यात शेतीची प्रदर्शनं का धरत नाही? बारामतीला जानेवारीत कृषिक असतं, मोशीला किसान. तिथे माणसं स्वतःच्या पदराने गाडी करून येतात. कृषिकमध्ये तर पीक शेतात उभं असतं, वाचायला फलक नाही, बघायला रान आहे. ड्रोनने फवारणी दाखवायला लागले की भोवती कडं होतं. माझ्या ओळखीचा एक द्राक्षवाला, शाळा सातवीपर्यंत, पानदेठ परीक्षणाच्या (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासण्याच्या) स्टॉलवर तासभर वाद घालत होता. पालाश (पोटॅश) कमी दाखवतंय तर नमुना कुठल्या अवस्थेत घेतला, कितव्या पानाचं देठ घेतलं, प्रयोगशाळेत जाईपर्यंत किती वेळ गेला. स्टॉलवरचा पोरगा कृषी पदवीधर, पण घामाघूम. हे विज्ञान नाही का? नमुना कसा घ्यावा यावर याच्याइतका पक्का प्रश्न तुमच्या पुण्यातल्या रांगेत कोणी विचारला असेल तर सांगा.

ज्याला त्याच्या कामाचा प्रश्न सापडतो तो येतो. त्याला 'जनजागृती' करायला जाऊ नका.

आता माझ्याच म्हणण्याला खोट दाखवतो. कृषिकला दिसतात ते आम्ही बाप्ये. द्राक्षाची विरळणी, कांद्याची लागवड, खुरपणी बाया करतात. औषध मारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी त्याच शिरतात. कोणत्या औषधानंतर किती दिवस रानात जायचं नाही हे डब्यावर बारीक अक्षरात. त्या बाया प्रदर्शनाला येत नाहीत कारण त्या दिवशीची हजेरी बुडते. बचत गटाच्या स्टॉलवर पापड विकायला येतात, तेवढंच.

कानोसा

माझा मुलगा ऐकू शकत नाही. अशा ठिकाणी जाणं आम्ही जवळजवळ सोडून दिलं आहे. रॅम्प असतात हल्ली, ते चांगलं आहे. पण समजावणारा माणूस बोलताना फळ्याकडे किंवा यंत्राकडे वळतो, ओठ दिसत नाहीत, मग माझ्या मुलाला फक्त हातवारे. चित्रफितीला खाली मजकूर नसतो. खुणांच्या भाषेचा दुभाषा एका संस्थेकडे मागितला तर म्हणाले, आधी किती जण येणार ते कळवा. किती जण येणार हे दुभाषा आहे की नाही त्यावर ठरतं.

एकदा एका स्वयंसेवक मुलीने काहीच बोलायचं नाही असं ठरवून नुसतं करून दाखवलं. दोन कप, दोरा, लोहचुंबक. तिच्यापुढची रांग सगळ्यात मोठी होती आणि त्यातली बाकी सगळी मुलं ऐकणारी होती.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे मिरामारला विज्ञान केंद्र आहे, दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, डिसेंबर २०२१ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सवही पणजीत भरला होता. म्हणजे तक्रारीला जागा कमी. तरी एक सांगतो.

आमच्या सरकारी प्राथमिक शाळांत कर्नाटकातून कामाला आलेल्यांची बरीच पोरं आहेत. घरी कन्नड, शाळेत मराठी, वाड्यावर कोंकणी आणि प्रदर्शनाचे फलक इंग्रजी. पोर चार भाषा सांभाळतं आणि तरी ज्या भाषेत फलक आहे तीच त्याला येत नसते. आपण म्हणतो, मुलांना रस नाही.

एका संस्थेच्या खुल्या दिवशी बाटल्यांत मासे ठेवले होते. चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, रास्ट्रेलिगर कानागुर्ता. माझ्यासोबत आमच्या वाड्यावरची मासे विकणारी मावशी होती. ती चिठ्ठीकडे न बघता बाटलीकडे बघून म्हणाली, बांगडो, पण बारीक, हा आत्ता धरायला नको होता. तिथे उभा असलेला संशोधक हुशार निघाला. त्याने तिला खुर्ची दिली आणि तारले मासे कधी येतात, पूर्वी कधी यायचे, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे लागायची, असं विचारत बसला. थोड्या वेळाने लोक बाटल्या सोडून मावशीभोवती जमले. वाफसा म्हणतात त्यात माझी एवढीच भर, की काही लोकांना आपण प्रेक्षक म्हणून बोलावतो हीच गफलत. त्यांना टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसवा.

तिरपागडा

मावशीवाला प्रतिसाद आवडला. तरी सैतानाची वकिली चालू ठेवतो, कारण सगळे एकमेकांना मान डोलवायला लागले की मला घाम फुटतो.

एक, संस्थेतल्या शास्त्रज्ञाचं काम संशोधन आहे. वर्षातून एक दिवस तो हौसेने उभा राहतो. त्याला आता कन्नड, खुणांची भाषा, कोप्या, बचत गट, सगळं करायला सांगाल तर पुढच्या वर्षी तो दाराला कडी लावेल. दोन, चमत्कार उघडे करून दाखवणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांना विचारा, गावात सगळ्या थरांतले लोक जमवणं काय अवघड आहे. चाकूच्या पात्याला जास्वंदीचं फूल चोळायचं, लिंबू कापायचं, लाल 'रक्त' आलं की अख्खी आळी गोळा होते. पण लोक जमले म्हणजे पोचलं का? लिंबाचं कळलं, भगत तसाच राहिला, असंही होतं. तुम्ही गर्दीचा आकडा नको म्हणता आणि त्या जागी गर्दीच्या प्रकारांचा आकडा आणता. फरक काय?

गवती_चहा

तिरपागडा, दुसरा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. विविध लोक आले म्हणजे काही बदललं असं नाही. पण जे आलेच नाहीत त्यांच्या बाबतीत तर तो प्रश्नच उद्भवत नाही ना.

पहिल्या मुद्द्याशी असहमत. शास्त्रज्ञाने सगळं करावं असं कोणीच म्हणत नाही. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका बघा, पुलंच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिलेली. अरविंद गुप्ता तिथे होते तेव्हा आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, टेट्रापॅक, यातून खेळणी बनायची आणि महापालिकेच्या शाळांची मुलं वर्षभर येऊन स्वतः बनवून घरी न्यायची. त्यांची खेळणी पुढे इंटरनेटवरून कितीतरी भाषांत गेली. ते एका दिवसाचं काम नव्हतं आणि खगोलशास्त्रज्ञांना त्यासाठी संशोधन सोडावं लागलं नाही. वेगळी माणसं, वेगळा पैसा, वर्षभर. महोत्सव हा त्याच्या वरचा एक दिवस असेल तर पोचतो. नुसता तोच असेल तर पार्किंग भरतं.

मी यंदा माझ्या टेबलापुरतं एक करणार आहे. येणाऱ्या मोठ्या माणसांना तीन प्रश्न विचारीन: शिक्षण किती, राहता कुठे, याआधी अशा ठिकाणी आला होतात का.

बाईंचा_तास

शिक्षण नका विचारू हो. आमच्याकडच्या बायांना 'किती शिकलात' म्हटलं की पदर तोंडावर जातो आणि पुढचं काही सांगत नाहीत. 'कशाने आलात' विचारा. एसटी, शाळेची गाडी, टमटम, चालत, स्वतःची गाडी. त्यात सगळं येतं. आणि 'कोणी सांगितलं' विचारा. शाळेने सांगितलं, पेपरात वाचलं, शेजारणीने ओढून आणलं, हे मला जास्त कामाचं वाटतं.

धुक्यातला

बाईंशी सहमत. फक्त नमुना नीट घ्या. जे स्वतःहून गप्पा मारतात त्यांनाच विचारलं तर पुन्हा तेच पालक मिळतील. दर दहाव्या माणसाला विचारा, तो घाईत असला तरी.

कानोसा

आणि प्रश्न मोठ्या अक्षरात छापून ठेवा. नुसते तोंडी विचारू नका.

गवती_चहा

बदलले: कशाने आलात, कोणी सांगितलं, याआधी कुठे. छापून ठेवते. दर दहावा माणूस.

बाई, कोप्यांच्या मुलांचं डोक्यातून जात नाहीये. खोडदला बोलून बघते, पण शाळेचं पत्र नसलेला गट कसा आणायचा? रस्ता ओलांडून येणं एवढंच असलं तरी कोणी मोठं माणूस सोबत हवं, आणि त्यांचे आईबाप पहाटेपासून उसाच्या फडात.

वाफसा

शाळेचं पत्र लागत नाही, टोळीचा मुकादम लागतो. तो हो म्हणाला तर पोरं येतात, नाही म्हणाला तर तुम्ही शंभर पत्रकं वाटा. पोरींच्या कडेवर धाकटी भावंडं असतील, त्यांना बाहेर ठेवा म्हणू नका, नाहीतर पोरीच येणार नाहीत. खायला काहीतरी ठेवा, वडापाव चालेल.

ट्रॅक्टर-ट्रॉली माझी, पण पोरं ट्रॉलीत बसवून हमरस्त्याने नेणं मला नको वाटतं, त्यापेक्षा टेम्पो बघू. फड कुठल्या दिवशी बंद असतो ते कारखाना ऊस घेणं कधी थांबवतो (मोळी बंद) त्यावर अवलंबून, तारीख आधी ठरवू नका. आमच्या शेजारच्या रानात सध्या जी टोळी आहे तिच्या मुकादमाला उद्या विचारतो आणि इथेच लिहितो.

बाईंचा_तास

विचारा. मी सोबत येते, आमच्या अंगणवाडीताईंनाही विचारते.